पहिलं मीटर टाकीला

आजचा दीड जीबी डेटा किती उरलाय, हे तुम्ही चटकन सांगाल. काल घरात किती लिटर पाणी वापरलं? नाही ना सांगता येत? मलाही नाही. वर्षाची ठरलेली पाणीपट्टी भरली की विषय संपतो. मग एका बादलीत भागवणारी आजी आणि पाइप लावून बाइक धुणारा शेजारी, दोघांना पट्टी सारखीच.

लासूर स्टेशन आता नुसतं रेल्वेचं आणि बाजाराचं गाव राहिलेलं नाही. नवी प्लॉटिंग, नवी घरं, रूम करून राहणारी पोरं. माणसं वाढली, शिवना नदी मात्र तेवढीच. अशा गावात नळाला मीटर हवं, असं माझं मत आहे. पण मीटरचं नाव काढलं की लोक चिडतात आणि त्यांचं काही चुकत नाही.

आपल्या छत्रपती संभाजीनगरचंच बघा. समांतर जलवाहिनी योजनेत २०१४ मध्ये शहराचा पाणीपुरवठा खासगी कंपनीकडे गेला, २०१६ मध्ये महापालिकेनं करार रद्द केला. त्या भांडणात मीटरचाही मुद्दा होता. पाणीच रोज नाही, तर मोजायचं काय? शिवाय चार दिवसांनी नळ सुटतो तेव्हा पाइपातली हवा आधी बाहेर येते आणि साधं मीटर हवेवरही फिरतं. त्यात आपली सवय अशी, की नवं पाणी आलं की ड्रममधलं ‘शिळं’ मोरीत ओतायचं. म्हणजे ओतून दिलेलंही बिलात!

कराडजवळच्या मलकापुरात २००९ च्या सुमारास चोवीस तास पाणी आणि घरोघरी मीटर, दोन्ही सोबतच आलं. जास्त वापराला चढा दर. नळाला कधीही पाणी आहे म्हटल्यावर ड्रम भरायचे कशाला? तिथं कोयना आहे, आपल्याकडे नाही, हे मान्य. पण म्हणून तर आपल्याला हिशेब जास्त लागतो.

जलजीवन मिशनचं माप माणशी रोज ५५ लिटर. पाच जणांच्या घराला महिन्याला झाले ८,२५० लिटर. तेवढ्याला दर कमी ठेवा, त्यावर चढवा. पण पहिलं मीटर टाकीला लावा, दुसरं प्रत्येक गल्लीच्या लाइनला. टाकीतून सुटलेलं आणि गल्लीत पोचलेलं पाणी यांतला फरक जातो कुठं? गळक्या व्हॉल्व्हला, तोटी नसलेल्या नळाला, की चोरून जोडलेल्या कनेक्शनला? आकडे दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. पाणी रोज यायला लागलं की मग खुशाल आमच्या दारात मीटर बसवा, आम्ही बिल भरू.

गावच्या मतदार यादीत नाव असेल, तर तुम्ही ग्रामसभेचे सदस्य आहात. बहुतेक जण झेंडावंदन झालं की जिलेबी घेऊन घरी पळतो. या वेळी सभेला थांबा आणि एवढंच विचारा: काल टाकीतून किती लिटर पाणी सुटलं?