एल बोर्डमागचा हॉर्न : गोळीची गरज नेमकी कोणाला?

गाडी शिकायला लागल्यापासून छातीत धडधडतं, तळहातांना घाम येतो, आदल्या रात्री झोप लागत नाही, तेव्हा ‘एखादी हलकी गोळी द्या’ अशी मागणी दवाखान्यात नेहमी होते. मागणाऱ्यांत पस्तिशी-चाळिशीनंतर स्टिअरिंग हातात घेतलेल्या स्त्रिया जास्त. थोडं खोदून विचारलं की कळतं, भीती गाडीची नाहीच. क्लच, गिअर, ब्रेक हे सगळं मैदानावर नीट जमतं. भीती आहे ती मागच्याची. सिग्नलला गाडी बंद पडली की मागून जो हॉर्न सुरू होतो, आणि शेजारून जाताना काच खाली करून जे काही ऐकवलं जातं, त्याची.

माझं म्हणणं सरळ आहे. यात सुधारण्याची गरज ज्याला आहे तो दवाखान्यात आलेलाच नाही. तो मागच्या गाडीत बसून हॉर्न दाबतो आहे आणि स्वतःला पट्टीचा ड्रायव्हर समजतो आहे.

हॉर्न दाबल्यावर पुढच्या माणसाच्या शरीरात काय होतं ते समजून घेऊ. दहा वर्षं गाडी चालवणाऱ्याचे हातपाय सवयीने चालतात. तो गिअर बदलताना गप्पा मारू शकतो. नवशिक्याला मात्र प्रत्येक हालचाल विचार करून करावी लागते : क्लच किती सोडायचा, आरसा कधी पाहायचा, डावीकडून स्कूटर घुसते आहे का. एका वेळी एवढं सगळं ध्यानात ठेवण्याची मेंदूची क्षमता मर्यादित असते आणि ती आधीच पूर्ण वापरात असते. अशा वेळी मागून कर्णकर्कश हॉर्न वाजला की शरीर त्याला संकट समजतं. अॅड्रिनलिन वाढतं, नाडी धावते, स्नायू ताठरतात, पाय थरथरतो. हाफ क्लचवर गाडी उचलायला लागतो तो पायाचा नाजूक ताबा, आणि नेमका तोच सुटतो. गाडी पुन्हा आचका देऊन बंद पडते. घाबरलेल्या माणसाचं लक्षही आक्रसतं, आजूबाजूचं कमी दिसतं. म्हणजे हॉर्नमुळे गाडी लवकर सुटत नाही, उशिरा सुटते. आणि सुटते तेव्हा समोरून रस्ता ओलांडणाऱ्या आजीबाई चालकाला न दिसण्याची शक्यता वाढलेली असते. पाच-सात सेकंद वाचवायला निघालेल्या शहाण्याने अपघाताची सोय करून ठेवलेली असते.

‘आम्ही पण असेच शिकलो, शिव्या खाल्ल्याशिवाय ड्रायव्हर तयार होत नाही,’ असं अभिमानाने सांगितलं जातं. हे वाक्य मेडिकल कॉलेजच्या होस्टेलमध्ये राहिलेल्या कोणालाही ओळखीचं वाटेल. रॅगिंग करणारे सीनियर हेच म्हणायचे. कॉलेजमधल्या रॅगिंगवर महाराष्ट्राने 1999 साली कायद्याने बंदी आणली. रस्त्यावरचं रॅगिंग आपण ‘ट्रॅफिकच तसं आहे’ म्हणून खपवून घेतो. आणि ते तसंच पुढे जातं. वर्षभर ज्याने हॉर्न सोसले, तो दुसऱ्या वर्षी वाजवायला लागतो.

‘काय करणार डॉक्टर, माझा स्वभावच तापट आहे,’ हेही खरं मानू नका. हाच तापट माणूस पोलिसांच्या जीपमागे मुकाट उभा असतो. त्याचा राग पुढची गाडी बघून, एल बोर्ड बघून आणि आरशात बाईचा चेहरा दिसला तर जरा जास्तच चढतो. ज्याला समोरचा माणूस निवडता येतो, त्याला राग आवरताही येतो. अपवाद थोडे आहेत. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या घेणाऱ्याने जेवण चुकवलं तर साखर उतरून चिडचिड, घाम, गोंधळ होऊ शकतो. अशा वेळी गाडी बाजूला घेऊन साखर खायला हवी. रात्री घोरून दिवसा पेंगणाऱ्यांनीही तपासणी करून घ्यावी.

राग करणाऱ्याचं स्वतःचं काय होतं? 2014 साली ‘युरोपियन हार्ट जर्नल’मध्ये आधीच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. त्यात रागाच्या उद्रेकानंतरच्या दोन तासांत हार्ट अॅटॅकचा धोका एरवीच्या जवळपास पाचपट आढळला. निरोगी माणसात मुळातला धोका लहान असतो, त्यामुळे एका भांडणाने कोणी कोसळेलच असं नाही. पण ज्याला आधीच ब्लडप्रेशर आहे, स्टेंट बसवलेला आहे आणि जो रोज दोन वेळा सिग्नलवर पेटतो, त्याने हिशेब करावा. 2024 साली अमेरिकेतल्या एका प्रयोगात निरोगी लोकांना राग आणणारी जुनी आठवण फक्त आठ मिनिटं आठवायला सांगितली होती. तेवढ्यानेही रक्तवाहिन्यांची सैलावण्याची क्षमता चाळीस मिनिटांपर्यंत कमी राहिली. ऑफिसात पोचून ‘आज एका बावळटाने काय केलं माहितीये का’ ही कथा रंगवून सांगणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

‘नवशिक्यांनी गर्दीत यावंच कशाला?’ गर्दीत आल्याशिवाय गर्दीत चालवायला येत नाही, म्हणून. लर्निंग लायसन्सवर, शेजारी लायसन्सधारक बसवून आणि पुढे-मागे लाल अक्षरातला ‘एल’ लावून रस्त्यावर येण्याची मुभा कायद्यानेच दिली आहे. उलट विनाकारण हॉर्न वाजवणं हाच मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 एफ खाली गुन्हा आहे : पहिल्यांदा 1000 रुपये, नंतर 2000. मुंबई वाहतूक पोलिसांनी 2020 च्या सुरुवातीला एक गमतीदार प्रयोग लोकांपुढे आणला होता. गोंगाट 85 डेसिबलच्या वर गेला की लाल सिग्नलची वेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू. हसलो सगळे, आणि विसरलो. जपानमध्ये नव्या चालकाला वर्षभर गाडीवर हिरवं-पिवळं चिन्ह लावावं लागतं आणि अशा गाडीला खेटणं किंवा कट मारणं हा इतर चालकांचा गुन्हा ठरतो. तिथलं चिन्ह संरक्षण देतं. आपल्याकडे एल बोर्ड म्हणजे ‘याला पिडा’ अशी पाटी झाली आहे.

आता गोळीविषयी. अल्प्राझोलाम, डायझेपाम यांसारख्या चिंतेवरच्या गोळ्यांनी झोप येते आणि प्रतिक्रिया मंदावते. कोणाची तरी उरलेली गोळी घेऊन गाडी चालवू नका. धडधड गाडीबाहेरही होत असेल तर थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि ईसीजी तपासू. एरवी औषध लागत नाही. गाडी बंद पडली तर ब्रेक धरा, हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रल करा, एक लांब श्वास सावकाश सोडा आणि मगच चावी फिरवा. मागच्याला हात वर करून दाखवा, त्याच्या नजरेला नजर देऊ नका. कोणी उतरून अंगावर आला तर काचा वर, दारं लॉक, आणि 112. पाठलाग झाला तर घरी जाऊ नका, पोलीस चौकी किंवा वर्दळीचा पेट्रोल पंप गाठा.

आणि तुम्ही मागच्या गाडीत असाल, तर पुढच्या गाडीचे मागचे टायर रस्त्याला टेकलेले दिसतील एवढं अंतर ठेवून थांबा. उड्डाणपुलाच्या चढावर आणखी थोडं. तिथे नवशिक्याची गाडी हातभर मागे येणारच.