इद्दतीत आठवलेला तलाव

मागच्या दोन अंकांत हे सदर आलं नाही. अनेक बहिणींनी फोन करून विचारपूस केली, दुआ दिल्या. मुलांच्या अब्बांचा इंतकाल झाला आणि मी सध्या इद्दतीत आहे. लिहायला बंदी नव्हती, हातच चालत नव्हता. आता थोडा चालतोय.

सूरह बकराच्या 234व्या आयतीत विधवेसाठी चार महिने दहा दिवसांची मुदत आली आहे. महिने चांद्र. इंतकाल महिन्याच्या मध्येच झाला असेल तर आमच्याकडे सरळ 130 दिवस मोजतात. माझे 74 झाले. या दिवसांत साजशृंगार नाही, गरजेशिवाय घर सोडायचं नाही, रात्र घरीच काढायची. हे मला माहीत होतं आणि मनापासून मान्य आहे. पण भेटायला येणाऱ्या बाया आणखी बरंच काही सांगून गेल्या. अंगणात आभाळाखाली उभी राहू नकोस. चंद्र पाहू नकोस. आरशावर कापड टाक. सख्ख्या भाच्याशीसुद्धा फोनवर बोलू नकोस. मी मौलानांना निरोप पाठवून विचारलं. त्यांनी सांगितलं, यातल्या एकाही गोष्टीला शरीअतमध्ये आधार नाही. दवाखाना, पोटापाण्याचं काम अशी गरज असेल तर दिवसा बाहेरही पडता येतं. तेव्हापासून मी असरनंतर अंगणात खुर्ची टाकते.

तिथेच एका नात्यातल्या बाजींनी मला मोबाइलवर फोटो बघत हसताना पाहिलं. “मियां जाऊन तीन महिने झाले नाहीत, आणि हसतेस?” मी काही बोलले नाही. तो फोटो कशाचा होता ते तुम्हाला सांगते.

किनवटच्या आसपास पाण्याला तोटा नाही. पैनगंगा आहे, इस्लापूरजवळ सहस्रकुंडचा धबधबा आहे, उनकेश्वरला गरम पाण्याचे झरे आहेत, नागझरीचा तलाव आहे. पण हे सगळं आमच्या घरातल्या पुरुषांनी आणि पोरांनी पाहिलेलं. पावसाळ्यात सहस्रकुंडला पोरांच्या मोटारसायकली निघायच्या आणि आम्ही त्यांना डबे भरून द्यायचो. बायकांचं फिरणं म्हणजे लग्न, मय्यत आणि माहेर. कोणी अडवलं होतं असंही नाही. निघायची गोष्टच निघत नव्हती.

ती निघाली लॉकडाऊनमुळे. 22 मार्च 2020 ला जनता कर्फ्यू झाला, त्याच दिवसापासून प्रवासी गाड्या थांबल्या, आणि नंदीग्रामची शिट्टी ऐकून घड्याळ लावणारं आमचं गाव गप्प झालं. आमच्या सासूबाईंचं माहेर अदिलाबाद. 1956 पर्यंत किनवट तालुका त्याच जिल्ह्यात होता, त्यामुळे इथल्या कितीतरी घरांची अर्धी नाती तिकडे आहेत. त्या उन्हाळ्यात ही सीमा बंद झाली आणि सासूबाईंना भावाच्या मय्यतीला जाता आलं नाही. 25 एप्रिलला रमजान सुरू झाला. तरावीह घरातच. मुलांचे अब्बा दहा-बारा दिवसांतच पिंजऱ्यातल्यासारखे येरझारा घालू लागले. मी भाजी निवडत होते. माझ्याकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, “तुम्ही बायका वर्षानुवर्षं अशा राहता कशा?”

मी हसण्यावारी नेलं. त्यांनी नेलं नाही. जानेवारी 2021 मध्ये, वाटा मोकळ्या झाल्यावर, त्यांनी स्वतःहून एक काळीपिवळी ठरवली आणि म्हणाले, तुझ्या मैत्रिणींना सांग, नागझरीला जायचं. मुलं घरी राहतील.

आम्ही सहा जणी. एक शाळेत शिकवणारी, एक शिलाईवाली, रेल्वेवाल्यांच्या भाभी, दोघी शेजारणी आणि मी. आदल्या रात्री तहारी की बगारा खाना यावर एवढा वाद, की शेवटी दोन्ही झालं. तलावावर पोचलो तर पाणी इतकं शांत की सागाची झाडं त्यात उलटी उभी. मुलांच्या अब्बांनी सतरंजी अंथरून दिली आणि म्हणाले, मी तिकडे बांधावर बसतो, हाक मारली की येईन. आणि ते खरोखरच लांब जाऊन, आमच्याकडे पाठ करून बसले. दिवसभर. ड्रायव्हरला सोबत घेऊन, तीन दगडांवर चहा करत.

बहिणींनो, त्या पाठीमुळे आम्ही मोकळ्या झालो. शिलाईवालीने बुरखा गुडघ्यापर्यंत धरून पाण्यात पाय घातले आणि रडायलाच लागली. म्हणाली, लग्नाआधी गावच्या ओढ्यात घातले होते, त्यानंतर आजच. आम्ही तलावाच्या पाण्याने वुजू करून जुहरची नमाज पढलो. जेवताना भाभींची एक चप्पल पाण्यात गेली आणि हळूहळू आत निघाली. काठीने ओढायला जावं तर ती आणखी लांब. भाभी ओरडताहेत, शाळेवाली काठी फिरवतेय, बाकीच्या पोट धरून बसलेल्या. फोटो तेव्हाचा आहे. मोठा करून पाहिला तर मागे बांधावर एक पांढरा ठिपका दिसतो. तो ठिपका म्हणजे मुलांचे अब्बा. एवढा कल्ला चालला होता, तरी त्यांनी वळून पाहिलं नाही, ड्रायव्हरला मात्र विचारलं म्हणे, “बरं चाललंय ना त्यांचं?”

बाजींना मी हे सांगितलं असतं तर कदाचित त्याही हसल्या असत्या. मला इतकंच वाटतं, की सोगात डोळ्यांना मुभा आहे तशी ओठांनाही असावी. माझं रडणं आणि हसणं दोन्ही त्या एकाच माणसासाठी आहे.

मैत्रिणी दर जुम्म्याला असरनंतर येतात. कोणी भाजी चिरून आणतं, कोणी धाकट्याचा अभ्यास घेतं. दोन तास माझ्या अंगणाचा बांध होतो. मागच्या जुम्म्याला शाळेवाली म्हणाली, तुझी मुदत संपली की हिवाळ्यात परत नागझरी. सगळ्या गप्प झाल्या. बांधावर कोण बसणार, हा प्रश्न कोणी तोंडाने काढला नाही. मग आमचा मोठा, जो आतून ऐकत होता, तो चहाचा ट्रे घेऊन बाहेर आला आणि विचारू लागला, काळीपिवळीवाल्याचा नंबर अब्बांच्या फोनमध्ये कोणत्या नावाने आहे.

मी शोधून दिला. ‘तलाव’ या नावाने होता.