हिरव्या दिव्याखाली सही

टेप लायब्ररी म्हटलं की अजूनही कित्येकांच्या डोळ्यांसमोर गाण्यांच्या कॅसेटचं दुकान येतं. म्हणून आधी थोडं प्रास्ताविक. सर्व्हरच्या रॅकमध्ये बसणारं हे एक कपाट असतं. 3यू उंचीचं एक मॉड्यूल घ्या. त्यात साधारण 40 टेप मावतात, 20 डावीकडच्या मॅगझिनमध्ये, 20 उजवीकडच्या. मधल्या गल्लीतून एक रोबॉट फिरतो, टेपच्या पाठीवरचा बारकोड वाचतो, हवी ती टेप उचलतो आणि मागच्या ड्राइव्हमध्ये घालतो. जागा कमी पडली की वरखाली आणखी मॉड्यूल जोडायची. रोबॉट मात्र एकच, लिफ्टमनसारखा सगळ्या मजल्यांवर फिरणारा.

ही मॉड्यूल बिघडली की बदलणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे, आणि आज मला त्याच धंद्याबद्दल भांडायचं आहे. आमच्याकडे ज्याला 'काम झालं' म्हणतात, ते काम बहुतेक वेळा झालेलं नसतं. आणि हे सगळ्यांना ठाऊक असतं!

मॉड्यूल बदलणं म्हणजे चार स्क्रू काढायचे आणि चार लावायचे, असं एसीत बसलेल्या साहेबांना वाटतं. प्रत्यक्षात आधी लायब्ररीचं कॉन्फिगरेशन सेव्ह करून घ्यावं लागतं. मग रोबॉट मूळ मॉड्यूलमध्ये परत न्यायचा. एकेक टेप कुठल्या स्लॉटमधून निघाली ते लिहून ठेवायचं. वीज गेलेली असेल तर मॅगझिन सोडवायला सरळ केलेली पेपरक्लिप भोकात घालावी लागते. लाखोंचं यंत्र आणि किल्ली कसली, तर पेपरक्लिप. मागच्या केबलींना चिठ्ठ्या लावायच्या. दोन मॉड्यूल एकमेकांत अडकवणारा मागचा खटका सोडवायचा. तो विसरून मॉड्यूल ओढलं की शेजारचंही जायबंदी. मग दोघांनी मिळून ते धूड खाली उतरवायचं, जुन्यातले ड्राइव्ह आणि पॉवर सप्लाय काढून नव्यात बसवायचे, आणि हे सगळं उलट्या क्रमाने पुन्हा.

शेवटी यंत्र सुरू होतं, रोबॉट सगळ्या मजल्यांवरून फिरून बारकोड वाचतो, पॅनेलवर हिरवा दिवा लागतो आणि 'रेडी' अशी अक्षरं येतात. तिथे सही होते. माझी आणि ग्राहकाची. घड्याळ थांबतं, कॉल बंद होतो, चहा येतो.

माझा आक्षेप त्या सहीला आहे.

काही काळापूर्वीची गोष्ट. संस्थेचं नाव सांगत नाही, कारण ते कुठलंही असू शकतं. एका रविवारी रात्री 1 ते 3 अशी खिडकी मिळाली होती. एक्स्पान्शन मॉड्यूलचा सांगाडा वाकला होता आणि रोबॉट दोन मजल्यांच्या मध्ये अडकत होता. नवं मॉड्यूल आलं ते ड्राइव्हसकट. कुणीतरी 'बदलतोच आहोत तर अपग्रेडही करून टाकू' म्हणून एलटीओ-8 चे दोन ड्राइव्ह त्यात घालून पाठवले होते. जुने एलटीओ-6 चे ड्राइव्ह चांगले चालत होते, पण ते जुन्या सांगाड्याबरोबर परतीच्या खोक्यात जायचे होते. दर दहा मिनिटांनी त्यांच्या मॅनेजरचा फोन, "झालं का हो?" पावणेतीनला हिरवा दिवा लागला. सगळ्या टेप दिसत होत्या, एकही बारकोड चुकला नव्हता.

मी म्हटलं, एक जुनी फाइल परत आणून बघू. फोनवरून उत्तर आलं, "अहो, लायब्ररी ग्रीन आहे ना? मग रिस्टोअर कशाला? सकाळी बघतील आमची मुलं."

तिथे रात्रपाळीला असलेला पोरगा मात्र शहाणा निघाला. म्हणाला, "सर, दोन मिनिटं लागतील, करूनच टाकू." त्याने सहा-सात वर्षांपूर्वीची एक फाइल निवडली. रोबॉटने टेप उचलली, ड्राइव्हमध्ये घातली, आणि ड्राइव्हने ती जशीच्या तशी परत दिली. ही टेप मला वाचता येत नाही.

येणारच नव्हती. एलटीओ-7 पर्यंत रिवाज असा होता की ड्राइव्ह दोन पिढ्या मागची टेप वाचायचा आणि एक पिढी मागची लिहायचा. 2017 मध्ये आलेल्या एलटीओ-8 ने तो मोडला. तो फक्त एलटीओ-7 आणि एलटीओ-8 ओळखतो. त्या संस्थेचं कित्येक वर्षांचं दप्तर एलटीओ-6 वर होतं. मूळ मॉड्यूलमधला ड्राइव्ह आदल्या वर्षीच बदललेला. म्हणजे त्या टेप वाचू शकणारे त्या इमारतीतले शेवटचे दोन ड्राइव्ह माझ्या पायाशी खोक्यात पडले होते, त्यावर चिकटपट्टी मारून झाली होती आणि सकाळी ते कुरियरने जाणार होते.

आम्ही खोकं फोडलं. एक जुना ड्राइव्ह परत बसवला, तीच टेप पुन्हा घातली, फाइल आली. 3 ची खिडकी साडेचारला बंद झाली आणि माझ्या नावावर दीड तासाचा उशीर लागला. उशीर लागला, याबद्दल पत्र आलं. टेप वाचल्या, याबद्दल कुणाला पत्र लिहावंसं वाटलं नाही.

यात चूक माझीही होती. ड्राइव्हची पिढी मी खोकं उघडल्याउघडल्या बघायला हवी होती. त्याआधीच्या किती रात्री मी नुसता हिरवा दिवा बघून सही केली असेल, ते आठवलं की अजून झोप उडते. तेव्हा हे भांडण स्वतःला वगळून केलेलं नाही.

पण मुद्दा बघा. यंत्र खोटं बोललं नव्हतं. रोबॉट वाचतो तो टेपवर चिकटवलेला कागद. बरणीवरची चिठ्ठी वाचून आतलं लोणचं नासलंय की नाही ते कसं कळणार? 'रेडी' याचा अर्थ फक्त इतकाच की हात हलतोय आणि चिठ्ठ्या वाचता येताहेत. आपण त्या शब्दात 'तुमची माहिती सुखरूप आहे' हा अर्थ घुसडतो, कारण तो सगळ्यांच्या सोयीचा असतो. कराराचं घड्याळ हिरव्या दिव्याला थांबतं, म्हणून सगळ्यांची धाव त्या दिव्यापर्यंतच.

तुम्ही म्हणाल, टेप हवीच कशाला, जमाना क्लाउडचा आहे. फेब्रुवारी 2011 मध्ये जीमेलच्या 0.02 टक्के लोकांची पत्रं एका सॉफ्टवेअरच्या चुकीने नाहीशी झाली. डेटा सेंटरमधल्या अनेक प्रतींवर त्या चुकीचा परिणाम झाला होता. पत्रं परत आली ती टेपवरून, कारण टेप ऑफलाइन होत्या. फळीवर पडलेल्या टेपपर्यंत कुठलीही चुकीची आज्ञा पोचत नाही. खंडणीखोर व्हायरसही पोचत नाही.

आणि न तपासलेल्या बॅकअपचं काय होतं? 31 जानेवारी 2017 ला गिटलॅब कंपनीत एका माणसाने चुकीच्या सर्व्हरवरचा सुमारे 300 जीबी डेटा पुसला. मग बॅकअप शोधायला गेले, तर ती जागा रिकामी! बॅकअप घेणारं साधन जुन्या आवृत्तीचं, डेटाबेस नव्या आवृत्तीचा. बॅकअप रोज अयशस्वी होत होता आणि तसं सांगणाऱ्या मेल कुणापर्यंत पोचतच नव्हत्या. सहा तासांपूर्वी योगायोगाने काढलेली एक प्रत होती म्हणून निभावलं. त्या कंपनीने हे सगळं स्वतः जाहीरपणे लिहिलं, याबद्दल तिला मानलं पाहिजे. आमच्या रात्रीची गोष्ट आणि ही गोष्ट, दोन्ही एकाच जातीच्या: जुनं एक, नवं एक, दोघांचं जमत नाही आणि दिवा मात्र हिरवा.

दक्षिण कोरियात तर 26 सप्टेंबर 2025 ला डेजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली आणि सरकारी नोकरांचा 858 टीबीचा साठा जळाला. त्याची दुसरीकडे प्रत नव्हती. 858 टीबी म्हणजे 18 टीबीच्या 48 टेप. वर सांगितलेल्या कपाटाचं सव्वा मॉड्यूल!

माझी मागणी साधी आहे. मॉड्यूल बदलल्याच्या कागदावर 'रेडी' या रकान्याखाली आणखी एक ओळ छापा: कुठली फाइल, कुठल्या टेपवरून, कुणी उघडून पाहिली. फाइल निवडायची ती इंजिनियरने नव्हे, ज्याची माहिती आहे त्याने, आणि निवडायची ती सगळ्यात जुनी. कपाटात जितक्या पिढ्यांच्या टेप असतील तितक्यांची एकेक. ती उघडेपर्यंत जुना सुटा भाग इमारतीबाहेर जाता कामा नये. आणि या अर्ध्या तासाला 'उशीर' म्हणू नका, तो करारातच धरा. टेप लोड होऊन हवी ती जागा सापडायला दोन-चार मिनिटं लागतात. शितावरून भाताची परीक्षा होते, मान्य. पण त्यासाठी निदान झाकण तरी उघडायला हवं ना?

हे वाढत जाणार आहे. 2025 मध्ये आलेला एलटीओ-10 चा ड्राइव्ह मागची एकही पिढी वाचत नाही, अगदी एलटीओ-9 सुद्धा नाही. म्हणजे 'बदलतोच आहोत तर अपग्रेडही करून टाकू' असं म्हणणारा पुढचा माणूस एका रात्रीत अख्खं कपाट मुकं करू शकेल. दिवा तेव्हाही हिरवाच असेल.

असो. आता कुणी फोनवरून "झालं का?" विचारलं की मी त्यांनाच उलट विचारतो, "तुमच्याकडची सगळ्यात जुनी फाइल कुठली?" पलीकडे बहुतेक वेळा शांतता पसरते. ती शांतता संपेपर्यंत मी पेनाचं टोपण काढत नाही.