बिऱ्हाड हलवायचे तर हिशेब तीन महिन्यांचा

उन्हाळ्याची सुट्टी लागली की शाळेच्या कार्यालयात दाखल्यासाठी पालकांची ये-जा सुरू होते. भंडारा, तुमसर, पवनी, साकोली, सगळीकडची कुटुंबे पुण्याच्या वाटेला लागलेली असतात. कुणाला चाकणच्या कारखान्यात काम मिळालेले असते, कुणाचा मुलगा हिंजवडीला नोकरीला लागलेला असतो. दाखला देताना आम्ही विचारतो, "तिकडची शाळा ठरली का?" मुलाची बहुधा ठरलेली असते. मुलीच्या बाबतीत मात्र पुष्कळदा उत्तर येते, "आधी बिऱ्हाड तर लागू द्या, मग पाहू."

हे "मग पाहू" कधीकधी वर्षभर लांबते. आईबापांची मुलीवर माया कमी असते असे नाही. पैसा संपलेला असतो. ट्रक, अनामत आणि दलाली यांतच जमवलेली पुंजी जाते आणि दुसऱ्या महिन्यात हात आखडतो. मग आधी बायकोचा दागिना गहाण पडतो आणि त्यानंतर मुलीची शाळा पुढे ढकलली जाते. म्हणून या महिन्यात बिऱ्हाडाच्या हिशेबाविषयी लिहायचे आम्ही ठरवले.

आपल्याकडे घर हलवायचे म्हटले की पहिला प्रश्न असतो, "ट्रकवाला किती घेतो?" भंडाऱ्याहून पुणे रस्त्याने साडेसातशे किलोमीटरहून अधिक. तेव्हा हा प्रश्न चुकीचा नाही, पण तो अपुरा आहे. आम्ही हिशेबाचे तीन भाग करायला सांगतो: निघण्याचा खर्च, वाटेचा खर्च आणि बसण्याचा खर्च. चौघांच्या कुटुंबाचे एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत, प्रत्येकाने आपापले घालावेत.

निघण्याचा खर्च: दुकानदाराची व दूधवाल्याची उधारी, शेवटचे वीजबिल, खोकी आणि सुतळी, कागदपत्रांच्या फेऱ्या. समजा 8,000 रुपये.

वाटेचा खर्च: ट्रकचे भाडे 28,000, दोन्हीकडची हमाली 5,000, घरच्यांचा प्रवास 3,000. एकूण 36,000.

बसण्याचा खर्च: पहिल्या महिन्याचे घरभाडे 12,000, तीन महिन्यांची अनामत 36,000, दलाली 12,000, करारनामा 2,000, मुलांची शाळा, गणवेश व पुस्तके 15,000, पंखा, पडदे, बल्ब असे किरकोळ 6,000, दोन महिन्यांचा घरखर्च 36,000 आणि दुसऱ्या महिन्याचे भाडे 12,000. एकूण 1,31,000.

तिन्ही मिळून 1,75,000 झाले. त्यात ट्रकचे भाडे जेमतेम सहावा हिस्सा आहे. शिवाय एकूण रकमेचा दहावा भाग अडीअडचणीसाठी वेगळा ठेवावा लागतो. दोन महिन्यांचा घरखर्च धरण्याचे कारण साधे आहे. नव्या नोकरीचा पहिला पगार महिना भरल्यावरच हाती येतो, काही ठिकाणी त्याहून उशिरा. तोवर चूल पेटती राहायला हवी. एवढी रक्कम जमली नसेल, तर कमावत्या माणसाने आधी एकट्याने जाऊन दोन-तीन महिने खोली घेऊन राहावे आणि बाकीच्यांनी सुट्टीत जावे. यात कमीपणा काही नाही.

आता वाटेचा खर्च कमी कसा करायचा ते पाहू. पुण्याहून माल घेऊन नागपूरकडे आलेला ट्रक परत जाताना रिकामा जायला नको म्हणून कमी भाड्यात तयार होतो. अशी परतीची गाडी मिळते का, याची चौकशी दोन-तीन ट्रान्सपोर्टवाल्यांकडे करावी. भाडे ठरवताना टोल, चढवणे-उतरवणे आणि वरच्या मजल्याची हमाली त्यात धरली आहे का, हे विचारून कागदावर घ्यावे. समृद्धी महामार्गाने गाडी लवकर पोचते, पण टोल कुणी द्यायचा हे आधीच ठरलेले बरे. बिल्टी घेतल्याशिवाय गाडी सोडू नये. प्रत्येक खोक्यावर क्रमांक घालून यादीच्या दोन प्रती कराव्यात, एक आपल्याकडे, एक ड्रायव्हरकडे.

सगळे सामान न्यायलाच हवे का, याचाही विचार करावा. आपल्या विदर्भात कूलरशिवाय उन्हाळा निघत नाही, पुण्यात मात्र बहुतेक घरांचे पंख्यावर भागते. तो लोखंडी कूलर ट्रकमधली मोठी जागा अडवतो. इथेच गरजू शेजाऱ्याला द्यावा, किंवा विकावा. जुन्या दिवाणाचेही तेच. नेण्याचा खर्च आणि तिकडे जुनी वस्तू घेण्याचा खर्च शेजारी शेजारी मांडून पाहावा. आजीच्या वेळचा भंडाऱ्याचा पितळी गुंड मात्र न्यावा, त्याचा हिशेब पैशात होत नाही. तांदळाचे एक-दोन कट्टेही न्यावेत; पहिल्या दोन महिन्यांचा किराणा तेवढा हलका होतो.

भरलेला गॅस सिलिंडर ट्रकमध्ये टाकू नये, आणि रेल्वेत तर त्याला मनाईच आहे. इथल्या एजन्सीकडे सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करून व्हाउचर घ्यावे, अनामत परत मिळते आणि त्या व्हाउचरवर नव्या गावी जोडणी मिळते. मधल्या दिवसांसाठी विजेची शेगडी हाताशी असावी. घरची मंडळी वरठीच्या भंडारा रोड स्टेशनवरून महाराष्ट्र एक्सप्रेसने थेट पुण्याला जाऊ शकतात. स्लीपरच्या एका तिकिटावर 40 किलो सामान मोफत नेता येते. चौघांचे 160 किलो झाले. पहिल्या रात्रीला लागणाऱ्या वस्तू, म्हणजे चटई, चादरी, औषधे, जानमाज, दोन भांडी आणि सगळी कागदपत्रे, सोबतच ठेवावीत. ट्रकला एक दिवस उशीर झाला तरी अडत नाही.

घर शोधण्याबद्दल स्पष्ट बोललेले बरे. पुण्यात काही ठिकाणी नाव ऐकल्यावर "घर दिले गेले" असे उत्तर मिळते. ते मनाला लागते. पण हिशेबातही त्याची जागा असते, कारण घर मिळायला चार दिवसांऐवजी पंधरा दिवस लागू शकतात. म्हणून कुटुंब आणि सामान निघण्याआधी कुणीतरी पुढे जाऊन घर पक्के करावे. कोंढवा, कॅम्प, मोमिनपुरा या भागांत आपली वस्ती आहे, ओळखीपाळखीने घर मिळते. पण वस्ती पाहताना कामाचे ठिकाणही पाहावे. चाकणला काम आणि कोंढव्याला घर असेल, तर शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला रोज जावे लागते. भाड्यात वाचलेले पैसे पेट्रोलमध्ये जातात, आणि बाप घरी येतो तेव्हा मुले झोपलेली असतात.

घर मिळाले की करार नोंदवून घ्यावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. शहरात नोंदणी फी 1,000 रुपये असते. मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर आणि अनामतीच्या वार्षिक दहा टक्क्यांवर शेकडा पाव टक्का. आमच्या उदाहरणात अकरा महिन्यांसाठी ते चारशे रुपयांच्या आत बसते. एवढ्यासाठी साध्या कागदावर भागवू नये. 36,000 रुपयांची अनामत उद्या परत मागायची आहे. कुरआनातली सर्वांत मोठी आयत, सूरह अल-बकराची 282 वी, ही देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयीच आहे, हे आपण विसरतो. मराठीतला "अनामत" हा शब्दही "अमानत" वरूनच आला आहे. घरमालकाकडची ही रक्कम आपलीच असते. तिची जकात कशी धरायची, हे आपल्या आलिमांना विचारून घ्यावे.

आता मुलांच्या शाळेकडे वळू. एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्राच्या नंतर उघडतात. 2025 मध्ये पुण्याकडच्या शाळा 16 जूनला सुरू झाल्या, आपल्याकडच्या 23 जूनला. भंडाऱ्याच्या तारखेने निघाल तर तिकडचा वर्ग सुरू झालेला असतो. म्हणून मेमध्येच प्रवेश नक्की करावा. मुलगी उर्दू माध्यमात शिकत असेल, तर घर घेण्याआधी उर्दू शाळा किती अंतरावर आहे ते पाहावे. पुणे महापालिकेच्या उर्दू शाळा आहेत, कॅम्पात आझम कॅम्पसही आहे. आणि दाखला मिळायला उशीर झाला तरी घाबरू नये. शिक्षणाचा हक्क कायदा 2009 च्या कलम 5 प्रमाणे आठवीपर्यंतच्या मुलाला दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, किंवा लांबवताही येत नाही.

काही कागद मात्र इथून निघण्यापूर्वीच काढावेत. मुस्लिम ओबीसी कुटुंबांनी मुलांचे जातीचे दाखले भंडाऱ्यातच काढून घ्यावेत. त्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो, आणि आजोबांचा शाळेचा दाखला किंवा जुना सातबारा इथल्याच कार्यालयांत सापडतो. मुलगी बारावीला गेल्यावर पुण्याहून त्यासाठी खेटे घालणे महागात पडते. रेशनकार्ड लगेच बदलले नाही तरी चालते, आधार जोडलेले असेल तर दुसऱ्या गावच्या रेशन दुकानातही धान्य मिळते. मतदार यादीसाठी फॉर्म 8 भरावा. एम.एच. 36 ची दुचाकी राज्यातच राहत असल्याने नंबर बदलावा लागत नाही, पत्ता मात्र 30 दिवसांत कळवायचा असतो.

पैसे कमी पडले तर? पत्नीचे महर आणि दागिने ही तिची मालमत्ता आहे. तिने खुशीने दिले तर ते कर्ज समजून वहीत लिहावे आणि फेडावे. नातलगांकडून कर्ज-ए-हसना घेतले, तर परतीची तारीख ठरवून लिहावे. व्याजाच्या पैशावर नवे घर मांडू नये.

आपल्या इतिहासातला सर्वांत मोठा स्थलांतराचा प्रसंग हिजरतीचा. प्रेषित मुहम्मद (स.) यांचा अल्लाहवर पूर्ण भरवसा होता, तरी तयारी किती बारकाईने झाली ते पाहावे. ह. अबू बकर (रजि.) यांनी दोन उंटिणी महिनोन् महिने आधीपासून चारा घालून सज्ज ठेवल्या होत्या. त्यांतली एक प्रेषितांनी किंमत देऊनच घेतली. वाटाड्या म्हणून अब्दुल्लाह बिन उरैकित हा मुस्लिम नसलेला पण रस्त्याचा जाणकार माणूस ठरवला. शिदोरीची व्यवस्था ह. अस्मा (रजि.) यांच्याकडे होती. आणि लोकांच्या ठेवी परत करण्यासाठी ह. अली (रजि.) मक्केत मागे थांबले. जीव धोक्यात असतानाही कुणाची अमानत बुडवून मक्का सोडली नाही. तवक्कुल म्हणजे हिशेब न करणे नव्हे, हे यावरून कळते. मोहल्ल्यातली उधारी न फेडता रातोरात बिऱ्हाड हलवणाऱ्यांनीही हा प्रसंग आठवावा.

शेवटी एक रकाना असा, जो बहुतेक वह्यांत नसतो. मागे राहणाऱ्या म्हाताऱ्या आईवडिलांचा. दर महिन्याची त्यांची औषधे, वर्षातून दोन ईदना येण्या-जाण्याची तिकिटे, आणि रात्री-अपरात्री निरोप आला तर तातडीने निघता येईल एवढी रक्कम, ही सगळी नव्या घराच्या महिन्याच्या खर्चातच धरावी.

घरातल्या सगळ्यांनी एका संध्याकाळी मगरिबनंतर वही घेऊन बसावे. पत्नीला विचारावे, कारण स्वयंपाकघराचा खर्च तिलाच नेमका ठाऊक असतो. मुलांनाही बसवावे. आणि यादीत ट्रकचे भाडे लिहिण्याआधी मुलीच्या शाळेची रक्कम लिहून वेगळी काढावी. ट्रक आठ दिवस पुढे ढकलता येतो. मुलीचे गेलेले वर्ष परत आणता येत नाही.