बरणीतला ढग

लेकीला शाळेतून प्रकल्प मिळाला: घरी ढग तयार करा. लोणच्याच्या रिकाम्या काचेच्या बरणीत कढत पाणी ओतलं, वर ताटलीत बर्फ ठेवला. काच घामेजली, ढग काही दिसेना. माझ्यातली जुनी शिक्षिका जागी झाली. वाफेला थेंब होऊन बसायला कण हवेत! स्मोक अलार्मला घाबरतच देवघरातली उदबत्ती आणली, धूर आत सोडला, ताटली झाकली. पांढरा ढग घुमू लागला.

लगेच नाशिकला आजींना व्हिडिओ कॉल. "छान गं! इथे सकाळपासून खराखुरा कोसळतोय."

"आई, मी तो पाहिलाच नाही," लेक म्हणाली.

खरंच की! सॅन होजेत उन्हाळाभर आभाळ कोरडं, आणि भारतात आम्ही जातो ते डिसेंबरात. पुढची तिकिटं जुलैची!