समोरच्या संघाचा सेटर

आंतरमहाविद्यालयीन व्हॉलीबॉलचा हंगाम तोंडावर आला की जळगाव-धुळ्याच्या मैदानांवर एकच चर्चा रंगते: यंदा समोरच्यांचा सेटर कोण? जुना मुलगा पदवी घेऊन बाहेर पडलेला असतो किंवा पोलीस भरतीच्या तयारीला लागलेला असतो आणि त्याच्या जागी दोघातिघांना आजमावणे सुरू असते. ‘यंदा त्यांच्यात दम नाही’ असे आपली मुले सरावात बोलू लागली, की क्रीडा संचालकांनी तिथेच सावध व्हावे.

असा समज किती फसवा असतो, याचे एक उदाहरण पाहा. २००७ च्या जुलैमध्ये ब्राझीलच्या पुरुष व्हॉलीबॉल संघाचे प्रशिक्षक बर्नार्दिन्हो यांनी रिओच्या पॅन अमेरिकन स्पर्धेच्या तोंडावर रिकार्दिन्होला वगळले. हा सेटर नुकताच वर्ल्ड लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. मोठी खळबळ उडाली. तरीही ब्राझीलने रिओत सुवर्ण जिंकले आणि वर्षअखेरीस जपानमध्ये वर्ल्ड कपही. दुसरा सेटर मार्सेलिन्हो याच संघात तयार झालेला होता. ब्राझील विस्कळीत झाला असे धरून चाललेल्यांचा अंदाज चुकला.

म्हणून तयारी अफवेवर नको, खेळावर हवी. सर्व्हिस अशी टाकावी की पहिला पास नेटपासून दोन-तीन मीटर मागे पडेल. मग सेटरला पळत जाऊन चेंडू उचलावा लागतो, मधला झटपट हल्ला बंद होतो आणि चेंडू बहुधा चार नंबरलाच जातो. हे नवख्याला जड जाते, तसेच मुरलेल्यालाही. ब्लॉकचा सराव एका सेटरची पाच-एक आणि दोन सेटरांची सहा-दोन अशा दोन्ही रचनांसाठी घ्यावा. पाच-एकमध्ये सेटर पुढच्या रांगेत आला की तीन रोटेशन समोर दोनच हल्लेखोर असतात. दोन सेटर घेऊन सहा-दोन खेळले, तर प्रत्येक रोटेशनला तीन. बदलांकडेही नीट लक्ष ठेवावे. सुरुवातीचा खेळाडू सेटमध्ये एकदाच बाहेर जाऊन परत येऊ शकतो. म्हणजे समोरच्यांनी सेटर बाहेर काढून परत आणला, की त्या सेटपुरता तो पर्याय संपला.

आता आपल्याच मैदानाकडे पाहू. आपल्या पहिल्या सेटरचा घोटा मुरगळला तर हल्लेखोरांना चेंडू कोण देणार? दुसऱ्या सेटरला बहुतेक ठिकाणी चेंडू गोळा करण्याचेच काम मिळते. त्याला आठवड्यातून किमान दोन दिवस मुख्य हल्लेखोरांबरोबर उभे करावे. उडी आणि चेंडूची उंची यांचा मेळ दोघांनी एकत्र घाम गाळल्यावरच बसतो, ऐन सामन्यात तो जमवता येत नाही.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. समोरचा तो नवा सेटर अठरा-एकोणीस वर्षांचा विद्यार्थी आहे. त्याचे निकाल, त्याची पात्रता, त्याच्या घरची अडचण हे आपल्या संघाच्या गप्पांचे विषय नव्हेत. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचा संघ जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या महाविद्यालयांतूनच निवडला जातो. आज ज्याच्या चुकांवर आपली मुले टाळ्या पिटतील, त्यानेच उचललेल्या चेंडूवर उद्या पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत किंवा ‘अश्वमेध’ या राज्यस्तरीय आंतरविद्यापीठ क्रीडा महोत्सवात त्यांना स्मॅश मारायचा असेल. खानदेशात चांगले सेटर वाढले तर त्यात आपल्या सगळ्यांचाच फायदा आहे. स्पर्धेपूर्वी शेजारच्या महाविद्यालयाशी दोन सराव सामने ठेवा आणि त्यांत दोन्ही बाजूंच्या दुसऱ्या सेटरांना पूर्ण सेट खेळू द्या.