मोजणारा गेला, मोजणी चालूच

"कोड साफ करणं हा काय मॅगझिनचा विषय आहे? कोण वाचणार?" असं आमच्या संपादक मंडळातल्या एकाने मला तोंडावरच विचारलं. वाचतील, म्हटलं, कारण यात त्यांची अटेंडन्स आहे!

आपल्या हॉस्टेलमध्ये बऱ्याच जणांच्या ब्राउझरमध्ये ते एक्स्टेन्शन आहे. पोर्टलवर हजेरीचं पान उघडलं, की ७५ टक्के गाठायला अजून किती लेक्चर्सना बसावं लागेल ते बाजूला दाखवतं. सीनियर्सनी बनवलं आणि पास आउट होताना आमच्या गळ्यात घातलं. "नीट सांभाळा रे" एवढंच डॉक्युमेंटेशन. या सेमला आम्ही ते साफ करायला घेतलं. कुणीच न बोलावणारी फंक्शन्स, कमेंट करून ठेवलेले जुने तुकडे, तीन ठिकाणी कॉपी केलेला एकच हिशोब, हे सगळं दोन संध्याकाळी निघालं. भांडण झालं ते एकाच फाइलवरून. ती म्हणजे वापर मोजणारी, ॲनालिटिक्सची फाइल. निम्मे म्हणाले राहू दे, कधीतरी लागेल. माझं मत उलट आहे. साफसफाई तिथूनच सुरू करायला हवी होती.

ती फाइल आकडे पाठवत होती गूगलच्या जुन्या युनिव्हर्सल ॲनालिटिक्सला. गूगलने १ जुलै २०२३ पासून साध्या अकाउंट्ससाठी तिथे नवीन माहिती घेणंच बंद केलं, आणि जुलै २०२४ मध्ये जुने रिपोर्टसुद्धा बंद केले. म्हणजे आमचं एक्स्टेन्शन रोज बंद दारावर टकटक करत होतं. एरर का दिसली नाही? कारण कुणीतरी रिकाम्या कॅच ब्लॉकमध्ये ती गिळून टाकली होती. आणि पाठवत काय होतं? पानाचा अख्खा पत्ता. आपल्या पोर्टलच्या पत्त्यात शेवटी रोल नंबर असतो, हे तुम्हाला माहीत आहेच. कुणी कितीदा हजेरी बघितली याची ही यादी दार उघडं होतं तोवर एका सीनियरच्या खाजगी अकाउंटमध्ये जमा होत होती. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, त्याला बहुतेक आठवतही नसेल.

पण सगळेच असे साधे नसतात. न वापरलेले टॅब झोपवणारं 'द ग्रेट सस्पेंडर' फार लोकप्रिय होतं. मूळ डेव्हलपरने ते २०२० मध्ये दुसऱ्याला दिलं, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने ते मालवेअर म्हणून काढून टाकलं. वेबसाइटचे रंगरूप बदलणारं 'स्टायलिश' वापरणाऱ्यांची ब्राउझिंग हिस्ट्री बाहेर पाठवतं हे जुलै २०१८ मध्ये उघड झालं, तेव्हा गूगल आणि मोझिला दोघांनीही ते काढलं. एक्स्टेन्शनचा मालक बदलला तरी तुमच्या ब्राउझरने दिलेली परवानगी तशीच राहते. आमच्याकडे तर मालक दर वर्षी बदलतो.

आता तुम्ही म्हणाल, मोजलंच नाही तर लोक वापरतात की नाही हे कळणार कसं? प्रश्न बरोबर आहे. पण किती जणांनी घेतलं, किती जणांनी काढलं, आठवड्याला किती वापरतात, हे क्रोम वेब स्टोअर डेव्हलपरला स्वतःहून दाखवतं. त्यासाठी कोडची एक ओळ लागत नाही. आमच्यातल्या कुणीही ते पान आजवर उघडलं नव्हतं!

शिवाय नादुरुस्त मीटर हा मीटर नसण्यापेक्षा वाईट. साफसफाईत फंक्शनचं नाव बदललं आणि इव्हेंट तुटला, की ग्राफ शून्यावर येतो, मग कुणीतरी म्हणतो हे बटण कोणी वापरत नाही, उडवा. किंवा लिसनर दोनदा लागतो आणि वापर एका रात्रीत दुप्पट! सगळे खूश. मॅनिफेस्ट व्हर्जन ३ मध्ये आणखी एक गंमत आहे. मागे चालणारा सर्व्हिस वर्कर ३० सेकंद काम नसलं की झोपतो. व्हेरिएबलमध्ये ठेवलेली मोजणी त्याच्याबरोबरच जाते, म्हणून ती स्टोरेजमध्ये ठेवावी लागते. बाहेरून स्क्रिप्ट ओढून चालवायलाही आता बंदी आहे. थोडक्यात, 'राहू दे' म्हणणं फुकट नाही. ठेवायचं तर ते नव्याने लिहा, टेस्ट करा, दर सेमला तपासा.

तरीही एखादी गोष्ट मोजायचीच असेल तर मोजा. मात्र फक्त बटणाचं नाव पाठवा, पत्ता नको, रोल नंबर नको. आधी विचारा, आणि उत्तर आलं नाही तर 'नाही' धरा. फाइलच्या डोक्यावर लिहा की कोणत्या प्रश्नासाठी मोजतोय, आकडे कोण बघणार आणि हे कधी काढायचं. माझ्या रूम पार्टनरच्या मते ही सरकारी कचेरी झाली. असेल. हॉस्टेलच्या गेटवरचं रजिस्टरही कुणी वाचत नाही, पण निदान सही करताना आपण काय लिहितोय ते आपल्याला दिसतं.

सरांना आणि मॅडमना एक विनंती. व्हायवात नवीन काय जोडलं हे विचारता, तसं काय काढलं हेही विचारा. ३०० ओळी काढणाऱ्याला आज शून्य मार्क मिळतात, मग कोण काढेल? आणि प्रोजेक्ट ज्युनियर्सना देताना जो फॉर्म भरतो, त्यात 'हा प्रोग्राम कोणती माहिती कुठे पाठवतो' असा एक रकाना हवा. जागा आहे. तिथे सध्या 'सीडी जोडली आहे का' असं विचारलेलं आहे.